बायकांचा क्वायर: दीड वर्ष अल्टो टूमध्ये उभं राहून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू निष्पक्ष वगैरे अजिबात नाहीये कारण मी स्वतः त्या क्वायरमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्या बायकांच्या गटात, गाते, तेही अल्टो टू म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या रांगेत. पण फुकट नाही गात, टर्मला 65 पौंड मोजते, वर्षाच्या तीन टर्म, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून बोलायचा हक्क आहेच. गणपतीत मंडळातल्या तिघीचौघींनी विचारलेलं की तू दर मंगळवारी संध्याकाळी फाईल घेऊन कुठे पळतेस, आम्हाला जमेल का, ते नोटेशन यायलाच पाहिजे का, आणि प्रत्येकीला वेगवेगळं सांगून माझा घसा बसला म्हणून एकदाच बसून लिहितेय.

तर गाव लंडनहून ट्रेनने पाऊण तासावर, चर्चला लागून हॉल, साडेसात ते साडेनऊ. साधारण पन्नास बायका, सगळ्यात लहान 23 वर्षांची आणि सगळ्यात मोठ्या आजी 81 च्या, त्या पहिल्या रांगेत सोप्रानोत (सगळ्यात वरचा आवाज) उभ्या राहतात आणि गाणं बसवणारी कंडक्टर चुकली तर तिलाच सांगतात. ऑडिशन नाही. पहिले दोन मंगळवार फुकट. हॉल मात्र थंडगार, जानेवारीत मी स्वेटरवर शाल घेऊन गायले आहे, हीटर आहे पण तो लावला की एवढा घूं घूं करतो की पट्टी कुठली तेच कळेना, म्हणून बंदच ठेवतात.

मी मिरजेची. सातवीपर्यंत गाण्याच्या क्लासला जायचे. गुरुजी म्हणायचे पोरीचा आवाज खर्जातला आहे, पांढरी चारच्या वर ओढू नका, आणि गॅदरिंगला बाकी सगळ्या मुली काळी पाचला गायच्या तेव्हा मला हातात टाळ द्यायचे. त्यामुळे इथे पहिल्या दिवशी कंडक्टरने पियानोवर मला खाली खाली नेलं आणि खूश होऊन म्हणाली तू अल्टो टू, आम्हाला तुझ्यासारख्या हव्याच आहेत, तेव्हा मला खरं सांगायचं तर थोडं रडूच आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी टाळ दिला नाही.

ते सुख साधारण एक महिना टिकलं. कारण अल्टो टूला चाल मिळत नाही हो! मला वाटलं चुकून दुसऱ्याच गाण्याचा कागद दिलाय. वरच्या सोप्रानो मस्त झोके घेतायत आणि आमच्या ओळीत एकच सूर, अकरा वेळा तोच, मग एक सूर खाली, मग परत तोच. घरी प्रॅक्टिस करत होते तर नवरा स्वयंपाकघरातून येऊन म्हणाला, अगं अर्धा तास झाला तू नुसता सा म्हणतेयस, बरी आहेस ना. आपल्याकडे आरती म्हणा, भजनी मंडळ म्हणा, शंभर जण असले तरी चाल एकच, ज्याचा आवाज मोठा तो पुढे आणि बाकीचे मागून. इथे शेजारची बाई मुद्दाम वेगळं गाते आणि आपण तिच्या नादाला न लागता आपलं धरून ठेवायचं. सुरुवातीला मी एक बोट कानात घालून गायचे, कंडक्टरने पाहिलं आणि बोट काढायला लावलं. म्हणाली कान बंद करून जमणार नाही, उलट अजून उघड.

आणि इथेच मला त्यांची पहिली चांगली गोष्ट लक्षात आली. या कंडक्टर बाई क्वायरला पियानोवर घोकून घेत नाहीत. सूर बसला की पियानो बंद. एकदा एका शेवटच्या सुरावर त्या थांबल्या आणि मधल्या रांगेला म्हणाल्या तुमचा सूर पियानोवाला आहे, तो किंचित उतरवा, अगदी केसभर. त्या रांगेने उतरवला आणि सगळ्या हॉलमध्ये काहीतरी एकदम लखलखलं. मी अवाक. कारण तो आपला तंबोऱ्यातला गंधार होता! मिरजेत सतारमेकर गल्लीतून जाताना कुणी तंबोरा जुळवत असला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू यायचा, गुरुजी थांबवून ऐकवायचे, तोच. पियानोचा आणि पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा जरासा चढा असतो, साधारण 14 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. एवढासा फरक, पण एकदा ऐकू यायला लागला की मग सुटका नाही. ब्रेकमध्ये मी त्यांना तंबोऱ्याचं सांगितलं तर त्यांनी फोनवर तंबोरा ॲप डाउनलोडच केलं आणि आता वॉर्मअपला अधूनमधून तो लावतात. (वॉर्मअप म्हणजे ओठ फुरफुरवणे, सायरनसारखा आवाज काढणे वगैरे. मुलगी एकदा न्यायला लवकर आली आणि दारातूनच परत गेली.)

तंबोरा नसल्याचा तोटाही सांगते. साथ नसलेलं मोठं गाणं म्हटलं की हा क्वायर उतरतो. सुरुवात ठरल्या पट्टीत आणि शेवट जवळजवळ अर्धा सूर खाली. सगळ्या मिळून उतरतात म्हणून लोकांना कळत नाही. पण मला कळतं आणि सोप्रानोतल्या त्या आजींना कळतं, आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.

आता मुद्द्याचं, गातात काय. बायकांच्या क्वायरची मूळ अडचण अशी की पाश्चात्त्य क्वायरचं मोठं मोठं सगळं काम स्त्री-पुरुष दोन्ही धरून लिहिलेलं असतं, चार भाग, खालचे दोन, टेनर आणि बास, पुरुषांचे. नुसत्या बायका म्हटलं की बऱ्याच ठिकाणी अंगाईगीतं, फुलं, चांदण्या असला गोडमिट्ट माल पुढे करतात. मी आधी एका दुसऱ्या क्वायरचा प्रोग्रॅम ऐकलेला, नाव नाही घेत, दीड तास नुसतं बासुंदी खाल्ल्यासारखं झालं. आमच्या कंडक्टर बाईंचा हा राग आहे की बायकांसाठी लिहिलेलं भरपूर आणि खणखणीत आहे, फक्त शोधायचे कष्ट कुणी घेत नाही. दीड वर्षात मी जे गायले त्यात गेल्या चारशे वर्षांतलं काही ना काही आलं, पाच-सहा भाषा आल्या, आणि मला जे आवडलं ते जास्त लिहिते, जे नाही आवडलं ते उरकते.

पहिल्याच टर्मला विवाल्डीचा ग्लोरिया, म्हणजे चर्चमधलं लॅटिन स्तुतिगीत. मला वाटलेलं हे तर पुरुषांसकट असतं. तर गंमत अशी की विवाल्डी व्हेनिसमध्ये पिएता नावाच्या अनाथाश्रमात शिकवायचा, तिथे भिंतीतल्या कोनाड्यात सोडून दिलेली बाळं वाढवायचे, आणि त्यातल्या मुलींचं गाणं-वाजवणं ऐकायला युरोपभरातून लोक यायचे. मुली दिसायच्या नाहीत, वर जाळीआडून गायच्या. हा ग्लोरिया त्याने 1715 च्या आसपास त्यांच्यासाठीच लिहिला, म्हणजे पुरुषांच्या ओळीसुद्धा मुलीच सांभाळत असणार. तिथल्या जुन्या नोंदींत ऍना दाल बासो असं नाव आहे म्हणे, म्हणजे खालच्या आवाजाची ऍना. मुलींना आडनावं नव्हती ना, मग आवाजावरून किंवा वाद्यावरून ओळख. हे ऐकल्यावर मी फाईलवर पेन्सिलने माझं नाव आणि पुढे दाल बासो लिहून टाकलं, ते अजून आहे. टेनरची ओळ आम्ही अल्टो टू आहे त्याच पट्टीत गातो, बास एक सप्तक वर घेतात. जरा पाया हलका वाटतो, चेलोवाली होती म्हणून भागलं.

शुबर्टचं एक आहे, ते खास माझ्यासारख्यांसाठी. 1827 साली व्हिएन्नात ॲना फ्रॉलिख नावाच्या गाण्याच्या बाईंनी आपल्या विद्यार्थिनीच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून शुबर्टकडून गाणं मागितलं, सगळ्या मैत्रिणींनी तिच्या खिडकीखाली उभं राहून गायचं असं ठरलेलं. या पठ्ठ्याने दोन दिवसांत आणलं तर ते एक अल्टो आणि बाकी पुरुषांसाठी! बाई म्हणाल्या अहो माझ्याकडे मुली आहेत. मग त्याने परत बायकांसाठी लिहून दिलं. मुख्य चाल अल्टोला, सोप्रानो नुसत्या साथीला. आमच्यात सोलो एका नर्सबाईंनी गायला, रात्रपाळी करून आलेल्या, आवाज थोडा खरखरत होता आणि तेच छान वाटलं.

ब्राम्सची दोन हॉर्न आणि हार्पबरोबरची चार गाणी 1860 ची, ती आम्ही गायली पण हॉर्नवाल्यांनी आम्हाला बुडवलं, हॉल छोटा, त्यामुळे त्यावर मत देत नाही. एवढंच की ब्राम्स हॅम्बुर्गला बायकांचा क्वायर चालवायचा आणि उशिरा येणारीला दंड लावायचा. हे कंडक्टरने आम्हाला तीनदा तरी सांगितलंय, का ते आमच्या अल्टो रांगेला नीट माहीत आहे.

आता होल्स्ट. इथे मी थोडी लांबण लावणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जा. गुस्टाव होल्स्ट म्हणजे ग्रहांवरचं ते प्रसिद्ध ऑर्केस्ट्राचं काम लिहिणारा. त्यात शेवटी नेपच्यूनला बायकांचा क्वायर आहे, पण स्टेजवर नाही, बाजूच्या खोलीत, आणि दार हळूहळू लोटत न्यायचं म्हणजे आवाज विरत जातो. हा माणूस 1905 पासून 1934 ला जाईपर्यंत लंडनला हॅमरस्मिथमधल्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होता, त्यामुळे बायकांच्या आवाजासाठी त्याचं भरपूर काम आहे. आणि त्याला तरुणपणी वेडच लागलेलं ऋग्वेदाचं! इंग्रजी भाषांतरं गायला बोजड वाटली म्हणून तो स्वतः संस्कृत शिकायला गेला आणि डिक्शनरी घेऊन आपली आपण भाषांतरं केली. त्यातून ऋग्वेदातल्या सूक्तांचे चार गट झाले, तिसरा गट 1910 चा, फक्त बायका आणि एक हार्प. चार गाणी, पहिलं उषेचं, दुसरं आपः म्हणजे पाण्याचं, मग वेन या देवाचं, आणि शेवटी प्रवाशांचं.

कागद हातात आले तेव्हा मला शब्द ओळखीचे वाटेनात. इंग्रजीत होतं की हे देवी आमचं स्तोत्र ऐक, तू नित्य तरुण तरी प्राचीन, शाश्वत नियमाने चालणारी. मी फोटो काढून वाईच्या काकांना पाठवला. काका निवृत्त शिक्षक, सकाळी घाटावर जाऊन येतात, वेदपाठशाळेत लहानपणी काढलेली काही वर्षं. दहा मिनिटांत व्हॉइस नोट. आधी खाकरणं, मग खणखणीत, पुराणी देवि युवतिः. आणि मग, "अगं हे तिसऱ्या मंडलातलं, एकसष्टावं सूक्त, विश्वामित्रांचं. नियम म्हणतोय ते इथे व्रत. बरोबर केलंय की त्याने." मग फोनच केला.

"किती जणी म्हणता गं तुम्ही?"

"पन्नास असतो काका."

"एका सुरात?"

"नाही ओ, चार सुरांत."

जरा वेळ काही बोलले नाहीत. "आणि कार्यक्रम किती वाजता?"

"रात्री आठला."

"उषःसूक्त, रात्री आठला."

मी काही उत्तर दिलं नाही. त्यांची व्हॉइस नोट मात्र पुढच्या मंगळवारी कंडक्टरला ऐकवली आणि तिने ती सगळ्या क्वायरला ऐकवली, स्पीकरला लावून, दोनदा. अनुदात्त, उदात्त, स्वरित, म्हणजे जेमतेम तीन सुरांत सगळं. पन्नास इंग्रज बायका गप्प बसून वाईच्या काकांचं खाकरणं ऐकतायत हे दृश्य मी विसरणार नाही. मग बाई म्हणाल्या की बघा, हे तीन सुरांत होतं आणि होल्स्टने काय केलं, तर त्याने गर्दी नाही केली. खरंच नाही केली. उषेच्या गाण्यात सुरुवातीला आवाज इतके हळू एकमेकांपासून सुटे होत जातात की शब्द नीट कळतात, हार्प अधूनमधून नुसती शिंपडल्यासारखी. पाण्याचं गाणं मात्र सतत वाहतं, श्वास कुठे घ्यायचा कळत नाही. तिथे आम्ही आळीपाळीने चोरून श्वास घेतो, शेजारणीशी ठरवून, म्हणजे लोकांना वाटतं या बायकांना श्वासच लागत नाही. शेवटचं प्रवाशांचं म्हणजे पूषन्, रस्त्याचा देव, आमच्या पुढे चाल म्हणणारं. ते मी आता एअरपोर्टला जाताना गाडीत गुणगुणते, माझीच ओळ, चाल नाहीच त्यात.

यांनी शब्द इंग्रजीतच ठेवले हे बरं केलं. काकांचा निरोप होता, संस्कृत म्हणायला घेतलं तर मला परत व्हॉइस नोट करावी लागेल.

हार्पवालीला बोलावलंच आहे तर त्याच कार्यक्रमात बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराची ख्रिसमसची गाणी पण ठेवली, ती सुद्धा बायकांचे आवाज आणि हार्प. हिशेबी कारभार, मला आवडला. हे त्याने 1942 मध्ये अमेरिकेहून परतताना जहाजात लिहिलं, युद्ध चालू, समुद्रात पाणबुड्या. सुरुवातीला सगळ्या एकाच सुरात लॅटिन गात चर्चच्या मागच्या दारातून चालत येतात, तेवढा भाग मला घरच्यासारखा वाटतो, दिंडीसारखा. मग मध्ये एक आहे जिथे तीन रांगा तीच चाल एकेक मात्रा मागे धरून पळतात. आपण जन्मभर समेवर येण्याची सवय केलेली आणि इथे प्रत्येकीची सम वेगळी! कार्यक्रमात मी एका मात्रेने हुकले आणि शेजारणीबरोबर जाऊन बसले, कुणाला कळलं नसावं. रेकॉर्डिंगमध्ये कळतं.

बल्गेरियन गाण्यांबद्दल मात्र तक्रार आहे. बल्गेरियन रेडिओचा तो बायकांचा क्वायर, 1952 पासूनचा, त्यांची रेकॉर्ड मार्सेल सेलिए नावाच्या स्विस माणसाने 1975 ला काढली आणि 1990 ला त्यांना ग्रॅमी मिळालं, तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला कळेल. छातीतून, सरळ, कापरा अजिबात नाही, आणि दोन आवाज मुद्दाम अगदी शेजारशेजारच्या सुरांवर, म्हणजे सा आणि कोमल रे एकदम लावल्यासारखे, घासून ठिणगी पडेल असे. शेतात एकमेकींना हाका मारणाऱ्या बायकांचा तो आवाज. आमच्या क्वायरने ते एवढं सभ्य करून गायलं की काय सांगू, भाकरीच्या जागी टोस्ट. मी सुचवलं की जरा मोकळ्या गळ्याने गाऊ, जात्यावर बसल्यासारखं, तर म्हणाल्या मग पुढचं शुबर्ट गाता येणार नाही. मुद्दा बरोबर आहे त्यांचा. पण मग घेऊ नये ना. बाकी 1977 ला व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याची तबकडी गेली त्यावर वाल्या बालकान्स्काचं बल्गेरियन गाणं आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी पण आहे, फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई, हे मी चहाच्या वेळी सांगितलं तेव्हा तिथल्या तिथे चारजणींनी फोन काढून केसरबाई लावल्या. बिस्किटं तशीच राहिली.

पॉप गाण्यांची मेडली दर उन्हाळ्यात असते, हातवारे करत, ती मी तिकिटं खपावीत म्हणून सहन करते. एथेल स्मिथचं मताधिकारवाल्या बायकांचं मार्चिंग गाणं 1911 चं, ते मात्र मस्त ठोकून गातात. स्मिथबाई 1912 ला हॉलोवे जेलमध्ये होत्या तेव्हा खाली अंगणात बायका हे गात फिरायच्या आणि या वर खिडकीतून टूथब्रशने ताल द्यायच्या. आमच्यात त्या दिवशी कंडक्टरने खरंच टूथब्रश काढला, नवा, पाकिटासकट. थोडं नाटकी, पण चालतं.

आता ज्यासाठी मी या क्वायरला पाचातले साडेचार देते ते सांगते. मार्चमध्ये त्यांनी अर्धा कार्यक्रम शब्दच नसलेला केला. 1943 साली सुमात्रात, पालेमबांगला, जपान्यांच्या छावणीत डच, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन बायका कैद होत्या. वाद्यं नाहीत, पुस्तकं नाहीत. त्यात मार्गारेट ड्रायबर्ग नावाच्या मिशनरी बाई आणि नोरा चेंबर्स नावाच्या शिकलेल्या संगीतकार, या दोघींनी ऑर्केस्ट्राची आणि पियानोची कामं आठवून आठवून चार आवाजांसाठी कागदावर उतरवली, ड्वोरझाकच्या न्यू वर्ल्ड सिंफनीमधला तो संथ भाग, शोपाँचा पावसाचा प्रेल्यूड, बेथोव्हेन. 27 डिसेंबर 1943 ला तीसेक बायकांनी पहिला कार्यक्रम केला. शब्द नाहीत कारण भाषा वेगवेगळ्या, आणि वाद्यांच्या ऐवजी गळे. नुसते ऊ, आ, ला. 1945 पर्यंत भुकेने आणि तापाने इतक्या जणी गेल्या की गायला पुरेशा उरल्याच नाहीत. ड्रायबर्गबाई पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेल्या. कागद राहिले.

आपल्याला आकार म्हणजे पहिल्या इयत्तेची गोष्ट, आधी आकार लाव मग शब्द. मी मनात म्हटलं हे तर सोपं. पहिल्या रिहर्सलला कळलं की सोपं कसं नाही, कारण शब्द असले की लपता येतं, इथे श्वास, सूर, घशातली खरखर सगळं उघडं. कंडक्टरने फार भावना लावू दिल्या नाहीत. म्हणाल्या की त्या बायका दिवसभर लाकडं फोडून, पाणी वाहून, मग रिहर्सलला यायच्या, बसून गायच्या कारण उभं राहायची ताकद नसायची, त्यामुळे आपणही खुर्चीवर बसूनच गाऊ आणि कमी आवाजात गाऊ. ड्वोरझाकच्या शेवटी आम्हा अल्टो टूंना एक खालचा सूर धरून बसायचं होतं, वरचं सगळं एकेक करून थांबतं आणि आमचा राहतो. चाल नाही, काही नाही, एक सूर. मी माझ्या आयुष्यात एवढा मन लावून सा लावला नसेल. टाळ्या बऱ्याच वेळाने आल्या. समोर पहिल्या बाकावर नवरा होता, घरी जाताना गाडीत नेहमी काहीतरी बोलतो, त्या दिवशी त्याने नुसता वायपर लावला आणि पाऊस नव्हता.

तक्रारींत अजून एक, भारतीय गाण्याची. मी यायच्या आधीच कुणीतरी प्रकाशकाकडून भारतीय लोकगीत म्हणून एक छापील कागद घेऊन ठेवलेला, शब्द कुठल्या भाषेचे ते मला आजवर कळलेलं नाही, मध्येमध्ये सरगम टाकलेली आणि त्यात ग च्या जागी म छापलेला. मी स्पष्ट सांगितलं हे मी गाणार नाही. कंडक्टर बाई रुसल्या नाहीत, उलट म्हणाल्या मग तू दे. मला भजन-गवळण काहीतरी द्यावंसं वाटलं पण मग विचार केला की बायकांनीच बायकांसाठी गोल फिरत गायचं असं आपल्याकडे तयार आहे की, आणि दिला भोंडला. ऐलमा पैलमा. चाल छोटी, सोपी, त्यावर त्यांनी चार भाग वगैरे चढवले नाहीत, खाली आम्ही अल्टो सा-प धरतो आणि वर फेर. पाटावरचा हत्ती मुलीने काढून दिला, मध्ये खुर्चीवर ठेवला. मी खिरापत म्हणून बेसनाच्या वड्या नेल्या आणि डबा झाकून वाजवून ओळखायला लावलं. एकीने लसूण सांगितलं, वासावरून असं म्हणाली. कुठून आला लसणाचा वास देव जाणे, डबा धुतलेला होता.

आणि अडलं कुठे, तर खेळ मध्ये. खेल, खेर, खेड, सगळं झालं, ळ काही होईना. मी जीभ उलटी करून दाखवली, आरसा आणला, दोन मंगळवार गेले. शेवटी 81 वर्षांच्या आजींना जमला, एकदम स्वच्छ ळ. मी विचारलं कसा काय, तर म्हणाल्या दाताची कवळी काढून बघितलं, मग सोपं आहे. बाकीच्यांना हा सल्ला देता येत नाही.

तर ज्या विचारत होत्या त्यांच्यासाठी, नोटेशन नाही आलं तरी चालतं, प्रत्येक ओळीचं वेगळं रेकॉर्डिंग फोनवर पाठवतात, मी पहिले सहा महिने कागदावर वर सारेगम लिहून गायले, अजून कधीकधी लिहिते. कार्यक्रमाला काळे कपडे आणि त्यांनी दिलेला स्कार्फ, मी काळी साडी नेसले तर कुणी काही म्हटलं नाही. ऐकायला यायचं असेल तर तिकीट 12 पौंड, बाक लाकडी आणि कडक आहेत, उशी आणा. गाडी चर्चच्या मागे लावा, पुढे लावली की शनिवारी लग्नवाले येऊन हॉर्न वाजवतात आणि ते नेमकं हार्पच्या वेळी.